अकरा दिवस गैरहजर

“चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा,” हजेरीचं मशीन चौथ्यांदा म्हणालं. मागच्या रांगेत कुणीतरी च्यक् केलं.

आक्काने हनुवटी पुन्हा वर केली. बावीस वर्षं या इस्पितळाच्या चादरी धुतलेली बाई. दोन आठवड्यांपूर्वी एका सकाळी उठली ती तोंड वाकडं होऊनच. डावा डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी ओघळायचं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: चेहऱ्याची नस सुजली आहे, हळूहळू सुधारेल, काम करायला हरकत नाही. तेव्हापासून ती रोज आठ तास राबत होती आणि मशीन रोज गैरहजेरी लावत होतं.

डॉक्टरांचा कागद तिने हजेरीबाबूंपुढे आपटला.

“अहो आक्का, मशीनला कागद वाचता येतो होय?” बाबू हसले. “मालिकेत बघत नाही का? भरगर्दीत चोराची अर्धी भुवई दिसली, की मशीन नाव-गाव घडाघडा सांगतं. ते कसं चुकेल?”

“मालिकेतला चोर नशीबवान! आणि तुम्ही हो? तुमची आई वर महिनाभर पडून होती, तेव्हा तिच्या चादरी कुणी धुतल्या? तेव्हा बरं ओळखत होतात!”

बाबूंनी मान खाली घातली. “मी ओळखून काय उपयोग? नोंद त्याची लागते.”

“गाल बोटानं वर धरा ना,” मागची नर्स हळूच म्हणाली. “घेईल ते.”

आक्काने ओठाचा कोपरा दोन बोटांनी ओढून धरला. मशीनवर आपला ताणलेला, खोटा चेहरा दिसला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजाऱ्यांच्या घरात आजार लपवायचा? तिने हात काढला.

“हे माझं तोंड आहे. घ्यायचं तर घे, नाहीतर मर!” असं मशीनलाच सुनावून ती कामाला गेली.

दुपारी बाबू धुलाईखान्यात आले. “नोटीस आहे. अकरा दिवस गैरहजर, कामावरून कमी का करू नये म्हणून. मिळाल्याची सही करा.”

“मी गैरहजर, तर ही दिलीत कुणाला?”

बाबूंनी पेन पुढे केलं. आक्काने ओले हात पुसले, सही केली आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: कामावर असताना मिळाली, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मग तिने पुढची चादर पिळायला घेतली.