संडासातलं पाणी

परभणीच्या डॉक्टरांनी सुजाताचे रिपोर्ट टेबलावर पालथे ठेवले आणि मला विचारलं, "ही लघवी दाबून ठेवते का?"

मी म्हणाले, "हो."

"कुणी शिकवलं?"

सासूबाई म्हणाल्या, "शिकवावं कशाला लागतंय, डॉक्टरसायब? बाईच्या जातीला येतंच ते."

डॉक्टर हसले नाहीत. चार वर्षांच्या पोरीला पुन्हा पुन्हा लघवीचं इन्फेक्शन होतंय, ताप येतोय, आता अजून झालं तर मूत्रपिंडावर जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं. औषध मी देतो, पण औषधाचं काम निम्मंच. थोड्या थोड्या वेळानं पाणी पाजा. लागली म्हणाली की लगेच करू द्या. घरी गेल्यावर बघू, पुढचं स्टेशन येऊ दे, असलं काही नको.

पुढचं स्टेशन ते का म्हणाले कोण जाणे. त्यांच्याकडे येणारे बहुतेक जण पॅसेंजरनंच येत असतील.

आमच्या घरात गाडीनं जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळपासून बायकांचं पाणी बंद. हे कुणी कुणाला सांगत नाही. चहासुद्धा सकाळी पुरुषांपुरताच ठेवतात. माझं लग्न व्हायच्या आधीही असंच होतं. माहेरही घाटनांदूरचंच; तिथून परळीला कॉलेजला तीन वर्षं याच पॅसेंजरनं जात होते, पण गाडीतल्या संडासाचं दार मी एकदाही उघडलं नव्हतं. मैत्रिणींपैकी कुणीच उघडलं नव्हतं. जीवशास्त्राच्या तासाला मूत्रपिंड शिकलो, आकृती काढली, नावं दिली, आणि तशाच तहानलेल्या परत गाडीत बसलो.

परभणीच्या फलाटावर मी पाण्याची बाटली विकत घेतली. सासूबाईंनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"परळीपर्यंत कळ काढली असती की."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं ना तुम्ही, आत्याबाई."

"डॉक्टर गाडीत बसतोय का?"

डब्यात चढले की मी आधी बघून ठेवते. दार कुठल्या बाजूचं लागत नाही, खिडकीचा गज कुठं सुटलाय, कोण माणूस पोरीकडे किती वेळ बघतोय. सवयच आहे. त्या दिवशी संडासही बघितले. आमच्या टोकाला दोन होते. डावीकडच्याला कडी नव्हती, दार गाडीबरोबर उघडत होतं, मिटत होतं. भांडं काठोकाठ भरलेलं. नळाच्या जागी नुसतं भोक आणि त्यात चिंधी कोंबलेली. आत कुणीतरी पाय ठेवून मागं फिरलं असावं, कारण चपलांचे ठसे आतून बाहेर, बाकड्यांपर्यंत आले होते आणि वाळले होते. दारात बसलेल्यांनी नाकाला रुमाल बांधले होते. तसेच बसून ते भेळ खात होते. पलीकडच्या टोकाकडून एक बाई आली, तिला मी विचारलं, "तिकडचं बरं आहे का?" तिनं ओठांवर पदर धरला आणि नुसती मान हलवली.

उजवीकडच्या संडासाचं दार बंद होतं. बाहेरून सुतळीनं करकचून बांधलेलं. दाराला पाठ लावून एक माणूस बसला होता, चाळिशीचा, टोपी गुडघ्यावर. त्याच्या शेजारी एक तरुण गडी उकिडवा बसून डुलक्या घेत होता.

गोदावरीच्या पुलावरून गाडी गेली. खाली वाळू होती आणि वाळूत ट्रॅक्टर. पाणी बघायला म्हणून सुजाताला खिडकीशी उभं केलं होतं, ती म्हणाली, "नदी कुठंय?" सासूबाई म्हणाल्या, "हीच."

मी बाटली उघडली. सुजातानं ओठ घट्ट मिटले.

"पी बाळा."

तिनं मान हलवली. "गाडीत पाणी पित नसतेत."

समोरच्या बाकावरची माणसं हसली. शहाणी पोर हाय म्हणाली. मी बाटली तिच्या ओठांना लावली, तिनं तोंड फिरवलं, पाणी फ्रॉकवर सांडलं. सांडलेल्या पाण्याकडे सगळा डबा बघत राहिला. मग मीच बाटली तोंडाला लावली आणि तिच्यासमोर घटाघटा प्यायले. कोमट होतं, प्लॅस्टिकचा वास येत होता. कालपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, तरी बरं वाईट काही वाटलं नाही. सुजाता माझ्या गळ्याकडे बघत होती. मी परत बाटली पुढं केली तेव्हा ती प्यायली. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

गंगाखेड मागं पडलं आणि थोड्या वेळानं ती माझ्या कानात म्हणाली, "आई, लागली."

"परळी येऊ दे," सासूबाई पटकन म्हणाल्या.

मी सुजाताला उचललं आणि त्या माणसासमोर जाऊन उभी राहिले. "दादा, दार सोडा जरा. पोरीला जायचंय."

"ते चालू न्हाई, ताई."

"मग बांधलंय कशाला?"

"सोसायटीचं पाणी हाय आत."

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. तो तरुण गडी जागा झाला. धर्मराज नाव त्याचं. तो म्हणाला, "खरंच हाय, ताई. कॅन हायेत. जालिंदरभाऊ सोसायटीचे सेक्रेटरी हायेत आमच्या."

जालिंदरनं टोपी झटकली. परळीच्या अलीकडच्या हॉल्टला त्यांचं गाव. गावच्या दूध सोसायटीचे कॅन वर्षानुवर्षं याच गाडीनं जायचे, याच संडासात. बाहेर ठेवले की माणसं त्यावर बसायची, झाकणं उघडायची, दूध चोरायची. म्हणून मग चढलं की पहिला संडास धुवायचा, भांड्यावर फळी टाकायची, फळीवर कॅन लावायचे, दार बांधायचं, आणि सेक्रेटरीनं दाराला टेकून बसायचं. डब्यातल्या माणसांनाही ते पाठ होतं. आता गुरं छावणीत गेली, दूध बंद झालं, संस्थेकडे राहिले नुसते कॅन. गावात टँकर येतो तो खारा. म्हणून म्हाताऱ्यांना आणि लेकरांना प्यायपुरतं परभणीहून पाणी भरून आणतात. पद्धत तीच.

"संडासात," मी म्हणाले.

"आमचा संडास तुमच्या घरापेक्षा सोच्छ असंल," तो म्हणाला. मग जरा नरमला. "दुसरीकडं बघा ना, ताई."

"दुसरीकडं बघून आलेय. पोरीला दाबून ठेवायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, किडनी जाईल."

तो सुजाताकडे बघत राहिला. ती माझ्या खांद्यावर गाल टेकून, पायावर पाय चढवून होती.

"दार सोडतो हो मी. पण फळीवरचे कॅन काढून बाहेर ठेवावे लागतेत. बाहेर निघालं की हा आख्खा डबा पाण्यावर तुटून पडतोय. मागल्या खेपेला आसं झालतं. आर्धा कॅन घेऊन उतरलो. गावातल्या बाया काय म्हणल्या असतील मला?"

त्याचं खोटं नव्हतं. पाणी हा शब्द कानावर पडल्याबरोबर दोन-तीन माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन उभी राहिलीच होती.

एवढ्यात सासूबाई उठून आल्या. गाडी हलत होती तशा दोन्ही बाजूंना हात टेकत.

"कुठल्या तुमी, मावशी?" जालिंदरनं विचारलं.

"घाटनांदूरच्या."

"घाटनांदूरात कुठं?"

"भीमनगर. मुक्ताबाई म्हणतेत मला. आजून काय पायजे?"

जालिंदर टोपीची घडी घालू लागला. धर्मराज डब्याच्या तळाच्या फटीतून खाली रूळ बघू लागला.

"सोड दार," सासूबाई म्हणाल्या. "कॅन काढ आन् हितं ठेव माझ्यापुढं. मी राखते. बघू कोण हात लावतंय."

"लई माणसं हायेत, मावशी."

"माणसं बघितलेत मी."

जालिंदरनं सुतळीची गाठ सोडायला घेतली. घट्ट बसली होती, दातांनी ओढावी लागली. दार उघडलं तेव्हा आतून फिनेलचा वास आला. भिंती धुतलेल्या, फरशीवर गोणपाट अंथरलेलं, आणि त्यावर कडेकडेनं अल्युमिनियमचे कॅन, झाकणांवर ओली फडकी बांधलेली. मधे फळी, फळीवर अजून दोन कॅन. इतका स्वच्छ संडास मी गाडीत कधी बघितला नव्हता. दोघांनी फळीवरचे कॅन उचलून बाहेर आणले. टेकवताना एकातलं पाणी आत डचमळलं आणि तो आवाज झाला तसं आजूबाजूचं बोलणं थांबलं.

सासूबाई एका कॅनच्या झाकणावर बसल्या आणि दुसऱ्याच्या झाकणावर त्यांनी हात ठेवला.

"झाकणावर... मावशी, झाकणावर नका बसू," जालिंदर म्हणाला.

"कावून?"

तो बघत राहिला. त्या बघत राहिल्या. त्यांचे ओठ सुकून फुटले होते, कडेला पांढरं धरलं होतं.

"कावून न बसू, आं? फुटंल का?"

"न्हाई. बसा," तो म्हणाला.

बाटलीवाला एक जण पुढं सरकला. "माय, घोटभर द्या की."

"मी कालपासून पेले न्हाई. तुझी पाळी माझ्यामागून," सासूबाई म्हणाल्या. डब्यात कुणीतरी मोठ्यानं हसलं. तो माणूस मागं सरला.

मी सुजाताला घेऊन आत गेले. आतून कडी नव्हती, मी पाठीनं दार दाबून धरलं. भांड्याच्या भोकातून खाली खडी पळताना दिसत होती. मी तिची चड्डी काढली, काखेत धरून तिला भोकावर धरलं. ती अंग आखडून राहिली.

"कर बाळा."

"नाही."

"लागलीय ना?"

"इथं पाणी आहे." तिनं कॅनकडे बोट दाखवलं. "पाण्याजवळ शी-शू करायची नसती. आजी मारती."

ते खरं होतं. उन्हाळा लागल्यापासून घरात आम्ही तिला हेच शिकवत होतो. माठाजवळ जायचं नाही, बादलीत हात घालायचा नाही, पाण्याजवळ घाण करायची नाही. पोर शहाणी होती, सगळं लक्षात ठेवत होती. मी तिला समजावलं की झाकणं लावलीत, पाण्याला काही होत नाही. तिला ते पटलं नाही. तिच्या मांड्या थरथरत होत्या, चेहरा लाल झाला होता. बाहेरून धर्मराज विचारत होता, "झालं का ताई?"

मी तिला गोणपाटावर उभं केलं. साडी वर घेतली आणि मीच बसले. एका बाजूला कॅन, दुसऱ्या बाजूला कॅन, गुडघा थंड धातूला लागत होता. दार उघडून मिटू नये म्हणून सुजाताला म्हणाले, "दाराला टेकून उभी राहा." ती टेकली, जालिंदर बाहेरून टेकला होता तशीच. दाराच्या पलीकडं माणसं होती, त्यांना ऐकू जात असणार. मला लाज वाटेल असं मी धरून चालले होते. वाटली नाही. कालपासूनचं आणि कॉलेजच्या तीन वर्षांचं, सगळं खाली खडीवर जात होतं आणि मी समोरच्या फडक्याची गाठ बघत होते. कुणीतरी नीट बांधली होती, टोक आत खोचून.

"आई, तू केली," सुजाता म्हणाली.

"हो."

"पाण्याजवळ."

"हो. आता तू."

मग ती बसली. बराच वेळ लागला. मी तिचा हात धरून होते. धार सुरू झाली तेव्हा तिनं डोळे मिटले.

बाहेर आलो तेव्हा सासूबाई तशाच झाकणावर होत्या. दोघांनी गुपचूप फळी टाकली, कॅन आत नेले. सासूबाई बसल्या होत्या तो कॅन आत ठेवताना जालिंदरनं त्याचं फडकं सोडलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि परत बांधलं तसंच. आम्ही आमच्या बाकावर येऊन बसलो.

हॉल्ट आला. फलाट नव्हताच, नुसती खडी आणि लोखंडी पाटी. बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या होत्या. गाडी थांबायच्या आधीच सुतळी सुटली होती. धर्मराज खाली उडी मारून एकेक कॅन झेलत होता. शेवटचा कॅन दिल्यावर जालिंदर आमच्या खिडकीशी आला, गजाला तोंड लावून हळू बोलला.

"ताई, आत काय झालं, मावशी कशावर बसल्या, ते... हितं कुणाला बोलू नका. गावात पाणी कोण पिणार न्हाई. आणलेलं फुकट जाईल."

मी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

सासूबाई म्हणाल्या, "पितेत. तहान लागली की समदे पितेत. जा तू, बाया वाट बघायल्यात."

तो गेला. गाडी हलली. खिडकीतून मला दिसलं, पहिल्या घागरीत पाणी पडत होतं आणि एक बाई बोटानं ओघळ पुसून ते बोट चोखत होती.

संडासाचं दार आता उघडंच राहिलं होतं. गोणपाट, फळी, सुतळी, सगळं ते घेऊन गेले होते. दारात रुमाल बांधून बसलेल्यांपैकी एक जण लगेच उठून आत गेला, मग दुसरा उठून रांगेत उभा राहिला. परळीपर्यंत हा संडासही डावीकडच्यासारखा होणार होता.

सुजाता माझ्या मांडीवर आडवी झाली होती. मला बरं वाटायला हवं होतं. मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. परत लावला. परत लावला.

"आई," ती म्हणाली, "पाणी."

समोरच्या बाकावरचे आता हसले नाहीत. मी बाटली उघडून तिला दिली. ती प्यायली. उरलेली बाटली मी सासूबाईंपुढं धरली. त्या बाटलीकडे बघत राहिल्या, मग त्या उघड्या दाराकडे, तिथल्या रांगेकडे.

"मला नगं," त्या म्हणाल्या. "तिलाच ठिव. आजून घाटनांदूर लई लांब हाय."