टोक सोडू नका

माझ्या आईला, तोमिएला, एखादी गोष्ट सांगणं आणि बेटाच्या भोंग्यावरून ती जाहीर करणं यात काडीचा फरक नाही. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी त्या दिवशी मासळीचा काटा काढता काढता मी बोलून गेले. "आई, पुढच्या आठवड्यात होंजोबाई येणार आहेत. शिष्यवृत्ती कुणाला द्यायची ते त्याच ठरवतात. पण कुणाला बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलतेय? मला काय दुसरी कामं नाहीत?"

झालं! दुसऱ्या दिवशी सहकारी दुकानात गेले, तर लोक मला रोजच्यापेक्षा हातभर जास्त वाकून नमस्कार करायला लागले. दुकान चालवणाऱ्या नोबुएबाईंनी तर मुळ्यावर मुळा फुकट दिला.

आमच्या हामासे बेटाचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक टर्मिनल, नूडल्सचा एक कट्टा आणि आगीचा एक म्हातारा बंब. पंख्यांचं छोटं विमान सकाळी येऊन जातं, संध्याकाळी येऊन जातं. मी तिथली उपव्यवस्थापक, मिचिरु उराबे. आमचे व्यवस्थापक कुवाहातासाहेब दोनेक वर्षांत निवृत्त होणार होते. मुख्य भूमीवरचं विमानतळ व्यवस्थापनाचं वर्षभराचं प्रशिक्षण ज्याच्या गाठीला, त्यालाच त्यांची खुर्ची मिळणार, असा नियम. नाहीतर प्रांताचं कार्यालय कुणीतरी पाठवणार. तो येणार, वारा कुठल्या खाडीकडून फिरतो हे त्याला कळेपर्यंत त्याची बदली होणार, मग दुसरा येणार. प्रशिक्षणाची फी मला झेपण्यातली नव्हती. लहान विमानतळांचा संघ दरसाल एकालाच शिष्यवृत्ती देतो, तिला वयाची अट आहे, आणि माझं ते शेवटचं वर्ष होतं. मला ती खुर्ची हवी होती. उगाच लाजत कशाला सांगू? हवी म्हणजे हवीच होती.

त्यात संघाचं वार्षिक संमेलन यंदा आमच्याकडे. कुवाहातासाहेबांनी गेल्या साली रताळ्याची दारू पोटात गेल्यावर "आमच्याकडे या!" म्हणून सगळ्यांना आमंत्रण दिलं, आणि सकाळी उतरल्यावर कपाळाला हात लावून बसले. पण शब्द दिला होता. मग शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या, आणि कुठल्या कुठल्या बेटांवरचे, डोंगरांतले व्यवस्थापक जमले. प्रत्येकानं आपापल्या गावची मिठाई आणलेली. दुपारपर्यंत मिठाईच्या खोक्यांनी दोन टेबलं भरली, आणि भाषणं ऐकायला पुढे कमी, टेबलांभोवती जास्त लोक, अशी गत झाली.

माझ्या भाषणाचा विषय होता, 'धावपट्टीवर एक कपटाही नको'. रोज सकाळी आम्ही ओळीनं धावपट्टी चालतो आणि खडा, खिळा, कागद जे दिसेल ते उचलतो. एवढासा कपटा इंजिनात गेला तरी घात होतो. कामावर नेलेला प्रत्येक पाना मोजून परत फळीवर लागतो. एक जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. हे सगळं मी चित्रं दाखवून, हातवारे करून सांगितलं. होंजोबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. लिहून काहीच घेत नव्हत्या, शांतपणे घेवड्याच्या गोड वडीचा तुकडा खात होत्या.

शेवटी त्यांनी तोंड पुसून एकच प्रश्न विचारला. "हे तुमच्या चार माणसांना जमतं, मान्य. पण कुंपणाबाहेरून काही आलं तर? गावाचं काय?"

"आमचं गाव फार समजूतदार आहे, बाई," मी छातीठोकपणे म्हणाले.

मेली जीभ माझी!

आता एक सांगायला हवं. आमच्या बेटावरून कुणी मोठ्या मुक्कामाला निघालं, की अख्खं गाव बंदरावर पोचवायला जातं. बदली झालेले गुरुजी बोटीवर उभे राहतात, आणि धक्क्यावरून सगळे त्यांच्याकडे रंगीत कागदी फितींच्या गुंडाळ्या फेकतात. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं आपल्या. बोट निघते, फीत उलगडत जाते, ताणते, आणि तुटते. गुरुजी रडतात, पोरं रडतात, मग बंदरात दोन दिवस रंगीत लगदा तरंगत राहतो. लहानपणी मीही भोकाड पसरून रडलेय. पण ते बंदरावर. विमानतळावर कागदी फीत म्हणजे माझी सात जन्मांची वैरीण.

संमेलन संपलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं होंजोबाई निघाल्या. पाहुण्याची बॅग यजमानानं विमानाच्या शिडीपर्यंत न्यायची, ही आमच्याकडची रीत. त्यांची लाल बॅग मी हट्टानं ओढून घेतली आणि त्या पुढे, मी मागे, अशा निघालो. कुंपणापलीकडे बघते तो काय, सगळं गाव उभं! मच्छीमार संघाचे गोंझोकाका, नोबुएबाई, शाळेचे गुरुजी, सगळे ठेवणीतले कपडे घालून. मला गहिवरून आलं. म्हटलं, पाहुण्यांना निरोप द्यायला आलेत. केवढं हे आमचं समजूतदार गाव!

होंजोबाई शिडी चढून आत खिडकीशी बसल्या. बॅग आत गेली. मी वळले, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मिचिरुऽऽ! नीट राहा गं!"

आणि आभाळातून फिती आल्या. लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या. कुंपणावरून गुंडाळ्याच गुंडाळ्या. समुद्रावरून वारा सुटलेला. फिती उलगडत, वळवळत विमानाच्या चाकांपर्यंत गेल्या, काही तर थेट धावपट्टीकडे निघाल्या. वैमानिकानं पंखे अजून सुरू केले नव्हते, हेच नशीब.

मी बंबाकडे धावले, कर्णा उचलला आणि जीव खाऊन ओरडले, "टोक सोडू नका! ज्यानं त्यानं आपलं टोक घट्ट धरा!"

सगळं गाव थिजलं. निम्मे लोक रडायच्या तयारीत होते, ते तसेच तोंड उघडून उभे राहिले.

"अगं, ओढून घेऊ का?" गोंझोकाकांनी विचारलं.

"ओढू नका! फाटलं तर कपटे उडतील. जाळं आत घेता ना, तसं घ्या. हळू!"

एवढं म्हटल्यावर काकांना जोर चढला. आयुष्यभर नावेवर ओरडलेला माणूस तो. "ए, वारा पडू दे... थांब रे, थांब, घाई करशील तर तंगडी मोडीन... हां, आता घ्या! गुंडाळत घ्या!" बायका फिती कोपराभोवती गुंडाळायला लागल्या. गुरुजींची फीत चाकाखाली अडकली, तर त्यांना सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या. आम्ही विमानतळाची चार माणसं ओळीनं चालत तुटके तुकडे वेचत होतो. विमानाच्या खिडक्यांना नाकं चिकटलेली. त्यातलं एक नाक होंजोबाईंचं आहे, हे मी बघायचं टाळत होते.

मग मोजणी. नोबुएबाईंनी गुंडाळ्या विकल्या होत्या, त्यांना कुणी कुठला रंग नेला ते तोंडपाठ. मी कर्ण्यावरून एकेकाचं नाव घेतलं. गुंडाळी आमच्या पोत्यात टाकायची आणि दोन्ही तळवे वर करून दाखवायचे.

"गोंझोकाका, हिरव्या दोन."

"ह्या घे. हात पण बघ. धुतलेत."

सगळं जमलं, पण एक गुलाबी कमी. गुलाबी होती माझ्या आईची. ती कुंपणाला नाक लावून उभी होती, तळवे वर, चेहरा असा, की जशी काही हिच्याइतकी गरीब बाई जगात नाही.

"आई, तुझी कुठंय?"

"फेकली."

"कुठे फेकलीस?"

"तुझ्यावरच नेम धरला होता. लागला पण."

"आणि टोक?"

"तू पळालीस, तुटलं."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. आम्ही चाकांखाली पाहिलं, गटारात पाहिलं, कुवाहातासाहेब गुडघ्यांवर येऊन बंबाखाली शिरले आणि तिथे एक जुनी चप्पल सापडल्याचा त्यांना आनंद झाला. गुलाबी फीत काही मिळेना. विमान उभं. पुढे दुसरं विमान पकडायचं असलेले लोक घड्याळाकडे बघायला लागले. पण एक कमी भरतंय म्हणजे विमान हलणार नाही. परवा शहाणपण शिकवलं होतं, आज गिळता येईना. मी वैमानिकाला सांगितलं, सापडल्याशिवाय नाही.

शेवटी विमानाच्या दारात होंजोबाई आल्या. "उराबेबाई," त्या वरून म्हणाल्या, "जरा पाठ वळवता?"

मी वळले. माझ्या वॉकीटॉकीच्या पट्ट्यात अडकलेली गुलाबी फीत माझ्यामागे शेपटासारखी लोंबत होती. ती घेऊनच मी अख्खं आवार पालथं घातलं होतं.

"तुम्हाला दिसत नव्हती का रे?" मी गावावर खेकसले.

"दिसत होती की," गोंझोकाका म्हणाले. "पण तू हात वर करा म्हणालीस. बोला असं कुठे म्हणालीस?"

विमान गेलं. त्याच्यासोबत माझी खुर्चीही गेली, असं मी धरून चालले. घरी आल्यावर आईला जे बोलायचं ते सगळं बोलले.

"तू बॅग घेऊन विमानाकडे निघालीस," आई म्हणाली. "मोठ्या शहरातली बाई तुला न्यायला आलेली. आम्ही काय समजायचं?"

"ती बॅग त्यांची होती!"

"मला काय माहीत? म्हटलं, घेतली असेल नवीन, आईला न सांगता." मग ती भांडी आपटत म्हणाली, "आणि तू खरंच जाणार असतीस, तर? बेटावरून पोरगी निघाली, नि आईनं काय रिकाम्या हातानं पोचवायची?"

"हो! रिकाम्या हातानंच!"

त्यावर तोमिए उराबे गप्प बसली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला भलतंच वाईट वाटलं. पण रागात होते, तशीच झोपले.

महिन्याभरानं कार्यालयात फोन वाजला. कुवाहातासाहेबांनी तो दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. होंजोबाई होत्या. त्यांनी आधी मला ऐकवून घेतलं. पुढचं विमान चुकलं, रात्र खुर्चीवर काढावी लागली, अजून मान धरलीय. मी फोनसमोर वाकून वाकून माफी मागत होते.

"माझ्यासाठी विमान सोडा, असं मी तुम्हाला खिडकीतून खुणेनं सांगत होते," त्या म्हणाल्या.

"मी तिकडे बघतच नव्हते, बाई."

"ते दिसलं मला." मग म्हणाल्या, "एप्रिलमध्ये या. आणि या वेळी स्वतःची बॅग आणा."

फोन ठेवला आणि मी टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले. कुवाहातासाहेबांनी मला रुमाल समजून पंखे पुसायचं फडकं दिलं.

एप्रिलमध्ये निघायच्या आधी आठवडाभर मी गावात बजावत फिरले. फीत नाही, कागद नाही, फुलांच्या पाकळ्या नाहीत, काही नाही. नोबुएबाईंना गुंडाळ्या कपाटात कुलपात ठेवायला लावल्या. आईला मी काहीच म्हणाले नाही. निघायच्या सकाळी तिनं भाताचे गोळे बांधून दिले आणि "तू हो पुढे" म्हणाली.

स्वतःची बॅग घेऊन मी विमानाकडे चालत गेले. कुंपणापलीकडे सगळं गाव उभं होतं. मी सवयीनं आधी जमिनीकडे पाहिलं. आवार लख्ख, एक कपटा नाही. मग वर पाहिलं.

गोंझोकाका, नोबुएबाई, गुरुजी, सगळ्यांनी बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या आणि दोन्ही तळवे मला दाखवत उभे होते. कुणी ओरडलं नाही. सगळ्यांत पुढे, कुंपणाला नाक लावून, आई. तिचेही तळवे वर.

विमान वळलं तरी ते हात तसेच होते. आयुष्यभर एका कपट्यासाठी गावाला ओरडलेली बाई मी. त्या दिवशी खिडकीतून एक तरी गुलाबी फीत दिसावी म्हणून डोळे फाडून बघत होते. मग काही दिसेनासं झालं.

शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "काही राहिलं का हो मागे?"

"नाही," मी नाक पुसत म्हटलं. "सगळं बरोबर आहे. मोजलंय मी."