टिबुकलीची राखण

माझ्या सासऱ्यांना पक्ष्यांचं वेड लागलं ते डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितल्यावर. त्याआधी उभ्या आयुष्यात त्यांनी कावळा आणि कबुतर एवढेच पक्षी ओळखले होते, तेही शिव्या देण्यापुरते, कारण दोघंही लिफ्टच्या मशीनखोलीत घाण करतात. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. इमारतींच्या पोटातल्या त्या काळोख्या पोकळीत दोराला लटकून त्यांनी हयात काढली. अशा माणसाला हृदयाची झडप बदलायची म्हटल्यावर एकदम निसर्ग आठवला, यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही.

शहराच्या कडेला, सांडपाण्याच्या केंद्रामागे, विटांसाठी माती काढून सोडून दिलेला एक भलामोठा खड्डा आहे. त्यात पाणी साठलं, पाणकणीस माजलं, पक्षी आले आणि मग नगरपालिकेने कुंपण घालून त्याला राखीव तळं केलं. काठावर बसून बघायला एक लाकडी खोपी आहे. तिच्या भिंतीला आडव्या फटी, फटींसमोर बाक आणि दारावर सूचना: आत बोलू नये. ती सूचना वाचली आणि मला सगळा उलगडा झाला. माझी बायको, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांना रोज एकच विचारायची, की बाबा, तारीख कधी घ्यायची? त्यावर ते म्हणायचे, रविवारी तळ्यावर जाऊ, तिथे निवांत बोलू.

आमच्या हिच्या तोंडाचा पट्टा झोपेतही धड थांबत नाही. पहिल्याच रविवारी तिने बाकावर बसल्या बसल्या डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कोपऱ्यात तिपाईवर मोठी दुर्बीण लावून एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी नुसतं वळून श्श् केलं. सासऱ्यांनी इतक्या कृतज्ञतेने त्यांच्याकडे पाहिलं की मला हसू आवरेना. मग त्यांनी गळ्यातली नवी दुर्बीण डोळ्यांना लावली, बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, छान आहे. दुर्बिणीची झाकणं अजून लागलेलीच होती.

माझं चष्म्याचं दुकान आहे. कोण खरंच वाचतंय आणि कोण समोरचा तक्ता आठवून धकवतंय, हे मला मान जरा कलली तरी कळतं. त्यामुळे पुढे कधीतरी एका रविवारी सासरे दुर्बीण लावून बसले असताना मी चपापलो. ते खरंच बघत होते. श्वाससुद्धा बेताने घेत होते.

पाणकणसाच्या कडेला कुजक्या गवताचा एक ढीग तरंगत होता आणि त्यावर मुठीएवढा तपकिरी पक्षी बसला होता. ती टिबुकली, म्हणजे पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी, ती. तो ढीग हे तिचं घरटं. दुर्बीणवाल्या बाईंनी सासऱ्यांना ते खोपीबाहेर समजावून सांगितलं होतं. नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात, आणि घरटं सोडून जावं लागलंच तर अंड्यांवर ओलं गवत ओढून जातात. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, कचरा आहे. सासऱ्यांना या गवताचं फार कौतुक वाटलं होतं.

त्या दिवशी फाटकाबाहेर, गाडीपाशी, हिचा बांध फुटला. डॉक्टरांनी आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, की आता लांबवलंत तर जिना चढताना कुठेतरी बसाल आणि उठणार नाही. सासरे म्हणाले, पिल्लं निघू देत, मग जाऊ.

"त्या पाणकोंबडीसाठी जीव घालवणार तुम्ही?"

"टिबुकली," ते म्हणाले.

ही रडायला लागली. मी गाडीचं दार उघडून उभा राहिलो, कारण अशा वेळी जावयाने काय करायचं हे कुणी शिकवत नाही. सासऱ्यांनी आधी दुर्बिणीची झाकणं लावली. मग म्हणाले, "घे तारीख. पण त्या दिवशी तू दवाखान्यात यायचं नाहीस. तू इथे बसायचं, घरट्यावर नजर ठेवायची. जावईबापू येतील माझ्याबरोबर."

"आणि काही झालं तर?"

"तरी इथेच."

ती पुढे वाद घालेल म्हणून मी वाट पाहिली. ती गाडीत जाऊन बसली आणि घरापर्यंत तिने ब्र काढला नाही. मला ते मुळीच आवडलं नाही. बापाच्या अशा वेळी मुलीने एका पक्ष्याची राखण करत बसायचं, हा मला शुद्ध हट्टीपणा वाटला, आणि तो एका मुलीवर केलेला अन्याय वाटला.

ऑपरेशनच्या सकाळी हिचा फोन आला. तिने फोन खोपीच्या फटीशी धरला होता आणि पडद्यावर टिबुकली दिसत होती. आवाज नाही. सासऱ्यांनी फोन हातात घेऊन नाकापाशी धरला. नर्स म्हणाली, काका, पलीकडून कुणी बोलत नाहीये. ते म्हणाले, माझी मुलगी आहे.

ढकलगाडी यायला वेळ होता म्हणून मी विचारलंच. म्हटलं, ती इथे का नको होती तुम्हाला?

त्यांनी फोन मला परत दिला. "लिफ्ट बंद पडली की लोक दारापुढे काय करतात, पाहिलंय तुम्ही? बटण दाबत राहतात. मी आतून काम करायचो आणि मला ते ऐकू यायचं, टकटक, टकटक. त्याने लिफ्ट लवकर चालू होत नाही. नुसता जीव खालीवर होतो." मग म्हणाले, "मला भीती वाटतेय हो. पण ती दाराबाहेर बसलीये असं आत कळलं असतं, तर जास्त वाटली असती."

मग त्यांना नेलं. दार बंद झालं, वर लाल दिवा लागला आणि मी दारासमोरच्या खुर्चीत बसलो. दिवा विझतोय का, हे मी किती वेळा पाहिलं ते सांगण्यात अर्थ नाही. मग फोन पुन्हा वाजला. पडद्यावर तेच घरटं, तीच टिबुकली. मी दाराऐवजी तिच्याकडे बघायला लागलो. तिचा जोडीदार आला. ती उतरली, तो चढला, चोचीने एक काडी नीट केली आणि बसला. दुसरं काही झालं नाही. पण मला ते बघवत होतं. दार बघवत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा फोन हातातच होता. ते म्हणाले ते सगळं मला कळलं नाही, एवढंच कळलं की झडप नीट बसली आहे आणि संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येतील. मी फोनमध्ये म्हणालो, "झालं. बरे आहेत."

माझी बायको, जिला साधी भाजी विकत घेतली तरी तासभर सांगायचं असतं, एक शब्द बोलली नाही. पडदा थरथरायला लागला. घरटं एका कडेला गेलं, मग खाली गेलं, मग नुसत्या फळ्या दिसायला लागल्या आणि त्याही हलत होत्या. एक सुरकुतलेला हात मध्ये आला. त्याने फोन हळूच काढून घेतला, फटीशी नेला आणि स्थिर धरला. टिबुकली पुन्हा मधोमध आली. बसलेलीच होती.