मुका कॅमेरा, बोलका कॅमेरा

प्रियाच्या एका खांद्यावर जुना कॅमेरा होता, दुसऱ्यावर नवा. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्ही फुल-फ्रेम मिररलेस जातीचे. नवा म्हणजे जुन्याचंच पुढचं मॉडेल. अंबडच्या तिच्या स्टुडिओत जुन्यानं कितीतरी लगीनसराया ओढल्या होत्या. नवा वापरून बघायला आणला होता, आणि राजूरला ज्योत्स्नाच्या हळदीत दोघांची झुंज लावायची असं तिनं ठरवलं होतं.

नवा भलताच हुशार निघाला. माणसाचा डोळा स्वतःच हुडकायचा, मांडवाखालच्या अंधुक उजेडातही फोटो लख्ख काढायचा, आणि आवाज म्हणून करायचा नाही. जुन्याची गोष्टच वेगळी. फोटो काढला की खटॅक करून अख्ख्या अंगणाला सांगायचा! ते ऐकलं की बाया पदर सावरायच्या, माना ताठ करायच्या, हसू आवरायच्या.

आणि साळूबाई दाराआड व्हायच्या. साळूबाई म्हणजे नवरीची आई. पोटची पोर पाटावर हळदीला बसलेली, आणि ही बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. का, तर नवरा वारलेला! पोरीला वाढवायला, शिकवायला तिचे हात चालले, हळद लावायला तेवढे चालत नाहीत. वा रे रीत!

शेवटी ज्योत्स्नाच उठली. हळदीच्या पाटावरून नवरीनं उठू नये म्हणतात. ही उठली, हळदीनं दोन्ही हात भरून घेतले, तडक दाराशी गेली आणि आईचे गाल माखले. "अगं माय, काय करून राह्यली!" म्हणत साळूबाई मान मागं टाकून हसल्या. प्रियाच्या हातात तेव्हा नवा होता. फोटो निघाला ते कुणाला कळलं नाही, खुद्द साळूबाईंनाही. लगेच त्या आत गेल्या आणि तोंड धुऊन आल्या.

जेवणं झाल्यावर ज्योत्स्ना पुन्हा पाटावर बसली आणि गाणी सुरू झाली. प्रियानं मांडवातच लॅपटॉप उघडला आणि दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावले. जुन्याच्या फोटोत दाराच्या कडेला साळूबाईंच्या लुगड्याचा नुसता काठ. नव्याच्या फोटोत अख्ख्या साळूबाई, हळदीनं माखलेल्या, खळखळून हसणाऱ्या. असा फोटो प्रियानं जन्मात काढला नव्हता. जुना विकून टाकायचा, तिनं तिथंच ठरवलं.

नवरीचे काका रामराव, लग्नाचे कर्तेधर्ते, मागून वाकून बघतच होते.

"हे काय? मिटव हे, पुसून टाक. जल्दी. नवरदेवाकडचे म्हणतील, विधवा हळद खेळून राह्यली."

"साळूमावशीला विचारते, काका."

"तिला काय विचारायचं? मी सांगून राह्यलो ना? न्हाई तं उचल तुझं सामान."

प्रियाचं डोकं तापलं. "उचलते. पण फोटो त्यांचा हाय, तुमचा न्हाई," म्हणून ती लॅपटॉप घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली. रामराव तिच्या मागं.

साळूबाईंनी फोटो बराच वेळ बघितला. डोळे भरून आले. "चांगला आलाय गं," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पर खटॅक कसं न्हाई वाजलं?"

"नव्याला आवाज न्हाई, मावशी."

"म्हंजी चोरून काढला."

खरंच होतं ते.

"मिटव."

प्रियानं मिटवला. असा फोटो पुन्हा मिळणार नव्हता, पण मिटवला.

"बघ! तिलाबी समजतं," रामराव दारातून म्हणाले.

"थांबा, भावजी." साळूबाईंनी पदर खोचला. "हसले याची मला बिलकुल लाज न्हाई. पर माझा फोटो चोरीचा कशाला? म्या काय चोरी केली? पोरी, तो जुना आण."

"नव्यालाबी आवाज लावता येतो, मावशी."

"नको. त्या जुन्याचं खटॅक ऐकलं की लपून राह्यले मी सकाळपासून. आता त्याच्याच म्होरं बसते."

साळूबाई मांडवात आल्या आणि पोरीशेजारी पाटावर बसल्या. गाणारणींचं गाणं मधेच थांबलं. कुणीतरी "बया!" म्हणालं.

"वहिनी, लोक बघून राह्यले!" रामराव ओरडले.

"मंग बघू द्या. लाव गं ज्योत्स्ना. बराबर लाव, दोन्ही गालायला."

ज्योत्स्नानं रडत रडत हळद लावली. प्रियानं जुना कॅमेरा डोळ्याला लावला.

खटॅक!

सवयीनं सगळ्या बायांचे हात पदराकडं गेले. साळूबाईंचा हात पोरीच्या हातातच राहिला. त्यांनी रामरावांकडं एकदा बघितलं आणि मग हसऱ्या तोंडानं प्रियाकडं वळल्या.

"भावजीला ऐकू आलं न्हाई वाटतं. अजून एक काढ."