समुद्रानं ठेवून घेतलेली हाक

विहिरीच्या काठावरून मल्हारीनं दोनदा हाक मारली, तरी डिझेल इंजिनाशी बसलेल्या लालमहंमदनं मान वर केली नाही. तिसऱ्या हाकेला मात्र त्यानं ओ दिली.

"दिवसाढवळ्या मला बी भूत समजतो व्हय रं?" मल्हारीनं विचारलं.

भूत एकदाच हाक मारतं, म्हणून रात्री एका हाकेला ओ देऊ नये, तिसरीची वाट पाहावी, हे न्हावरे गावात पोरासोरांनाही ठाऊक. लालमहंमदला ते अम्मानं शिकवलं होतं. पुढं हा गडी फौजेत मेकॅनिक झाला आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात, भारताच्या तळावर जनरेटर सांभाळायला गेला. तिथं हिवाळ्यात दोन महिने रात्रच. त्या रात्रीत, जनरेटर धडधडत असताना, अम्माची हाक आली. "लालू!" तो शहाण्यासारखा गप्प राहिला. मग वायरलेसवर निरोप आला, अम्मा गेली.

तिथले हवामानवाले साहेब म्हणायचे, "इथला हा दक्षिणेचा समुद्र आतल्या गाठीचा. ऊब असो की गारठा, पोटात घेतलेलं वर्षानुवर्षं दाखवत नाही. मग कधीतरी वाऱ्याच्या हवाली करतो, आणि तिकडं आपला पाऊससुद्धा मागंपुढं होतो."

साहेब पावसाबद्दल बोलत होते. लालमहंमदच्या मनानं भलतंच घेतलं. जनरेटरच्या आवाजात बुडालेली दुसरी हाकही त्या समुद्रानं ठेवून घेतली असेल, आणि कधीतरी वाऱ्याबरोबर धाडेल. तेव्हापासून, गावी परतल्यावरही, वारा फिरला की त्याच्या अंगावर काटा येई.

दुष्काळाचं साल. विहिरीत तळाला पाणी, आणि इंजिन एकदा बंद पडलं की तासभर हट्ट करणारं. आज ते कसंबसं सुरू झालं. मल्हारीची मेंढरं कुंडावर तुटून पडली.

"तुझा त्यो समुद्र काय म्हणतोय? पाऊस धाडतोय का न्हाई?"

"त्याच्या पोटातलं कुणाला कळलंय, मल्हारी."

तेवढ्यात दौंडकडून, दक्षिणेचा वारा सुटला, भर उन्हात गार. लालमहंमदच्या हातातला पाना खाली पडला.

"ऐकलंस?"

"न्हाई बा."

"एक आली. आता दुसरी... पर ह्या इंजिनाच्या आवाजात कळंना रं!" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

मल्हारीनं मेंढरांकडं पाहिलं. निम्मी अजून तहानलेली होती. वाकून त्यानं इंजिन बंद केलं.

दोघं वाऱ्याकडं कान देऊन उभे राहिले. दुसरी हाक आली नाही.

"आलो, अम्मा," लालमहंमदनं त्या एकाच हाकेला ओ दिली.

मागं मेंढरं कुंडाची ओल चाटत होती.