डाव्या पायातली घुंगरमाळ

मी घुंगरमाळ बोलतेय. घाबरू नका, कोणी नाचत नाहीये. गुणाजी फक्त पाणी प्यायला उठलाय.

मी पितळेची. लालबागच्या एका दुकानात जाड दोरीत ओवली गेले तेव्हा माझी पन्नास घुंगरं होती. आता एकेचाळीस उरलीत. गिरणीत पाळी करणाऱ्या गुणाजीनं मला विकत घेतलं, तेव्हा त्याला नीट मिशीसुद्धा फुटली नव्हती. आमच्या कोकणातल्या बाल्या नाचात घुंगरू एकाच पायात बांधतात, उजव्या. मधे बुवा मृदंग घेऊन बसायचे आणि भोवती पोरांचं रिंगण फिरायचं. उजवा पाय आपटला की माझा आवाज पार गल्लीच्या टोकाला जायचा. डावा पाय समोरच असायचा, पण त्याची माझी कधी ओळख झाली नाही. शेजारी राहून बोलचाल नसते, तसं.

पुढे गिरणी गेली, नाचातली पोरं पांगली. घाटकोपरच्या भटवाडीतली खोली पाडून तिथे इमारत उभी राहिली आणि गुणाजी सातव्या मजल्यावर गेला. मी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. किती वर्षं, ते विचारू नका. हिरवी पडले होते.

मला बाहेर काढलं ते राजेशनं, गुणाजीच्या मुलानं. आणि का काढलं, ते ऐकाल तर हसाल.

फेब्रुवारीत गुणाजी मोरीच्या दारात वळताना पडला. डावा पाय उंबऱ्याला अडकला. हाड मोडलं नाही, पण घरच्यांच्या काळजाचं पाणी झालं. राजेश कचेरीचं काम घरूनच करायचा, दिवसभर संगणकासमोर. बाप कधी उठतो ते त्याला कळायचं नाही. मग त्यानं शक्कल लढवली. मला चिंचेनं घासलं आणि बापाच्या पायात बांधलं. डाव्या! घाईत कुठला पाय ते त्यानं बघितलंच नाही.

झालं. मी नुसती कुजबुजले तरी आतून आवाज यायचा, "बाबा, उठू नका! काय हवं ते सांगा ना!"

"मोरीत जायचं हाय. माझ्या वतीनं तू जाऊन येतोस?"

सून सुगंधा पदराआड हसायची. पण तीही पाणी हातात द्यायची, ताट मांडीवर ठेवायची. दोघांचा जीव होता म्हाताऱ्यावर, खोटं कशाला बोलू. पण त्या मायेनं गुणाजी खुर्चीला चिकटला. महिनाभरात त्याची पोटरी इतकी सुकली की मी घसरून घोट्यावर यायला लागले. त्याहून वाईट म्हणजे तो गप्प झाला. एक दिवस सुगंधाचं नाव आठवायला त्याला बराच वेळ लागला.

राजेशनं सांगून टाकलं, "बाबा, यंदा गणपतीला तुम्ही गावी येत नाही. घरापर्यंत चाळीस पायऱ्या आहेत. मी एकटा जाऊन येईन. सुगंधा थांबेल तुमच्याजवळ."

गुणाजीनं जन्मात एकही गणपती चुकवला नव्हता.  त्यानं डावा पाय हळूच खुर्चीखाली ओढला. ते मलाच कळलं.

मग व्यायाम शिकवणारी रुचिरा आली, मुलुंडहून, पाठीवर पिशवी घेऊन. तिनं मला बघितलं. "आजोबा, हे काय पायात?"

"मी गाय हाय ह्यांची. चरत लांब जाईन म्हणून बांधलीय."

रुचिरा खळखळून हसली, आणि मग राजेशकडे वळली. "दादा, पडू नयेत म्हणून तुम्ही यांना बसवून ठेवलंत. त्यानं पायातला जोर जातो, तोलही जातो. डोकंसुद्धा सुस्तावतं. अशानं माणूस जास्त पडतं. यांना रोज उठवा, जवळ उभे राहा, पण उठवा."

"आणि ही काढू?" राजेशनं माझ्याकडे बोट केलं.

"छे! पाय घासला की ही खर्र करते, उचलला की छुम. राहू दे डाव्यातच, तोच आळशी आहे."

तर अशी म्हातारपणी माझी डाव्या पायाशी ओळख झाली. बुजरा होता बिचारा. खर्र, खर्र, छुम. पुन्हा खर्र. रुचिरा चालता चालता बोलायलाही लावायची, म्हणजे डोकं आणि पाय दोन्ही कामाला लागतात. महिने उलटे म्हणायचे. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद... भाद्रपद आला की गुणाजी जागीच थांबायचा आणि विचारायचा, "राजेश, माझं तिकीट काढलंस?"

रोज तेच. राजेशनं भाद्रपदाची धास्तीच घेतली होती.

मोरीतला उंबरा फोडून घेतला, भिंतीला दांडी बसवली, जुन्या गुळगुळीत चपला टाकून दिल्या. आणि तीन महिने मी वाजत राहिले. कधी महिन्यांऐवजी जुना गण म्हणत, कधी खुर्ची धरून बाल्याची पावलं टाकत. खालच्या मजल्यावरची बाई तक्रार करायला वर आली आणि चहा पिऊन, दोन पावलं शिकून गेली.

मग परीक्षेचा दिवस आला. हात न टेकता उठायचं, दारापर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, तेही महिने म्हणत. निकाल बघून बापाला गावी न्यायचं की नाही, ते राजेश ठरवणार होता.

गुणाजी उठला. फाल्गुन, माघ, छुम, छुम. दाराशी पोचला आणि नेमका वळताना भाद्रपद आला. फेब्रुवारीत पडला होता तो असाच वळताना. राजेश अर्धा उठला. मी दम धरला. गुणाजीनं डावा पाय सावकाश, पुरता उचलला, ठेवला. छुम! भाद्रपद ओलांडून तो न थांबता, कुणाला काही न विचारता श्रावणात शिरला.

चैत्राला तो खुर्चीत बसला.  राजेशनं फोन काढला. गणपतीला गावी जाणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या एसटीतल्या जागा नंदकुमार बघायचा. "नंदूभाऊ, माझी एकट्याची सीट आहे ना? तीन करा." 

"पायऱ्यांवर काठी घ्यायची, आणि मागे माणूस हवा," रुचिरानं बजावलं.

"हा असेल की मागं," गुणाजी म्हणाला. "पण आधी ह्याचं बघू. राजेश, उभा राहा एका पायावर."

"बाबा, काहीतरीच काय!"

"राहा रे!"

अठ्ठेचाळीस वर्षांचा गडी चार आकडे मोजेपर्यंत सोफ्यावर आडवा. सुगंधा हसून हसून भिंतीला टेकली. गुणाजीनं बसल्या बसल्या माझी गाठ सोडली. "पाय पुढं कर. नाय, उजवा. तू शिकाऊ हायस."

तेव्हापासून सकाळी बाप काठी टेकून ताल सांगतो आणि लेक रिंगण घालतो. संध्याकाळी मी परत म्हाताऱ्याच्या डाव्या पायात. उद्या एसटीनं निघायचंय. मी सदऱ्याच्या खिशात जाणार आहे.

एवढंच मागणं आहे, बाबांनो. तुमच्या म्हाताऱ्याच्या पायात असं काही वाजलं, तर "बसा" म्हणून ओरडू नका. उठा, आणि दोन पावलं बरोबर टाका.