वहिवाटीचं फाटक

मेजर कधी सैन्यात नव्हते. सगळी हयात त्यांनी सिमेंटच्या गोदामावर काढली. पण सुरक्षेचा विषय निघाला की गृहस्थाची छाती अशी फुगायची की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी. म्हणून शेजारपाजाऱ्यांनी त्यांना मेजर करून टाकलं आणि त्यांनीही ते पद विनातक्रार स्वीकारलं.

त्यांचं घर बोळाच्या तोंडाशी, शिलाईवाल्या काकूंचं बोळाच्या टोकाला. जमीन मेजरांची, पण वहिवाट दोघांची, असं खरेदीखतात स्वच्छ लिहिलेलं. एकदा मेजरांच्या अंगणातून पाण्याची मोटर चोरीला गेली आणि त्यांना सगळं जगच संकटात दिसायला लागलं. त्यांनी बोळाच्या तोंडाला लोखंडी फाटक ठोकलं, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. काकूंकडे कपडे शिवायला येणाऱ्या बायकांची उलटतपासणी सुरू झाली. कुणाकडे? कशाला? किती वेळ? एका नवरीला तर लग्नाचा पोशाख पिशवीतून काढून झटकून दाखवायला लावला. आता त्या झालरीत कोण मोटर लपवून नेणार होतं? पण मेजरांना सांगतो कोण!

"माझी जमीन, माझी सुरक्षा," मेजर म्हणाले.

"माझी वहिवाट," काकू म्हणाल्या, "आणि माझं पोट."

काकू म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. त्या कोर्टात गेल्या, दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या नाकी नऊ आणले आणि जिंकल्या. रस्ता सदासर्वकाळ मोकळा ठेवावा, असा हुकूम झाला. मेजर फाटक काढत असताना काकू मुद्दाम खुर्ची बाहेर टाकून गुंड्या टाचत बसल्या. असा निवांतपणा त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

तो फार दिवस टिकला नाही. काकूंच्या नवऱ्यानं जन्मभर घरोघर विजेची मीटरं वाचली होती. निवृत्तीनंतर ते आधी चष्मा विसरायला लागले, मग वार, आणि मग आपण निवृत्त झालोय हेच विसरले. सकाळ झाली की खिशात टॉर्च घालून स्वारी कामावर निघायची. सलूनवाल्यानं त्यांना मीटर दाखवलं, चहाही पाजला. लोकांना गंमत वाटली. लोकांचं काय जातंय!

मग एक दिवस एका ट्रकवाल्यानं त्यांना हाताला धरून आणलं. मोठ्या रस्त्यावर, धावत्या गाड्यांच्या मधोमध उभे होते म्हणे. "म्हाताऱ्या माणसाला सांभाळता येत नाही?" तो काकूंवर खेकसला. कोर्ट गाजवलेल्या काकूंनी मुकाट्यानं नवऱ्याचा हात धरला आणि त्यांना घरात नेलं.

घराच्या दाराला कडी लावून पाहिली. ते दारावर हात आपटत राहिले, खाडा पडतोय, खाडा पडतोय म्हणून रडले. बोळात मात्र खूश असायचे. मेजरांचं मीटर, मग आपलं, मग पुन्हा मेजरांचं. फक्त बोळाच्या पुढे जायला नको होते. काकू रात्रभर तळमळल्या आणि सकाळी मान खाली घालून मेजरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ते फाटक परत लावता का?"

मेजरांना एवढा आनंद मोटर परत मिळाली असती तरी झाला नसता. "छे छे, वहिनी! मी कोर्टाचा मान राखणारा माणूस. सदासर्वकाळ मोकळा! तुमच्याच वकिलानं घालून घेतलंय ते."

"ते परवा मोठ्या रस्त्यावर उभे होते," काकू म्हणाल्या. "गाड्यांच्या मध्ये."

मेजरांच्या जिभेवर पुढचा टोमणा तयार होता. तो त्यांनी गिळला. दुपारी वेल्डर आला, संध्याकाळी फाटक उभं राहिलं. मेजरांनी लेखी काहीसुद्धा मागितलं नाही, आणि किल्ली चक्क काकूंच्या हातात दिली.

आता काकूच फाटकावर. "कुणाकडे? आत या लवकर, आधी कडी घाला!" बायका म्हणायला लागल्या, याच्यापेक्षा मेजर परवडले.

एका सकाळी काकू कुलूप लावत असताना नवरा मागे येऊन उभा राहिला. अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाला, "बाई, जरा उघडता का? कामाला जायचंय."

काकूंनी वळून पाहिलं. बाई? आजवर सगळं विसरले, पण बायकोला नव्हते विसरले.

"किल्ली माझ्याकडे नाही," त्यांनी मूठ घट्ट आवळली. "त्या मेजरांकडे आहे."

खिडकीत मेजर उभे होते. त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हो, माझ्याकडेच आहे!" ते गरजले. "आणि मिळणार नाही! जमीन माझी आहे!" कोर्टातसुद्धा ते इतके तावातावानं बोलले नव्हते. मग त्यांनी पडदा ओढून घेतला.

नवरा काकूंच्या जवळ सरकला. "घाबरू नका बाई," तो हळूच म्हणाला. "माझ्या बायकोला नुसतं कळू दे. असली दहा फाटकं उखडेल ती. कुणाच्या बापाला भीत नाही."

"हो?"

"मग! भारी खमकी आहे. थांबा, तिलाच घेऊन येतो."

आणि तो तरातरा घराकडे निघाला. घरी बायको सापडायला हवी होती, म्हणून काकू भिंतीच्या कडेनं धावत सुटल्या, मागच्या दारानं आत शिरल्या, मशीनवर बसल्या आणि धापा टाकत दाराकडे बघत राहिल्या.